चितळासाठी गार्ड

२२ ऑगस्ट ८८

अक्काचं कार्ड. अक्षर अजून फळ्यावरचं, पण ओळी खाली उतरत गेल्या. पडल्या पडल्या लिहिते. "डॉक्टर म्हणते, आता हलवलं तरी चालते, पण आडवंच. बसवायचं नाई. तुमच्या गाडीची मागची सीट माह्या मापाची आहे, मी आधीच पाहून ठेवली. गार्ड लागला का?"

नाही लागला. जूनमध्ये तिच्याकडूनच परत येत होतो, चिचोल्याजवळ, दिवेलागणीची वेळ. चितळ आडवं आलं. रेडिएटर फुटला, बोनेट दुमडलं, चितळ तिथंच गेलं. हे उतरून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. एका ट्रकवाल्यानं हात धरून बाजूला केलं तेव्हा हलले. गाडी दुरुस्त होऊन कधीची दारात उभी आहे. पण समोर बंपरवर मजबूत लोखंडी गार्ड लागल्याशिवाय जंगलाच्या रस्त्याले न्यायची नाही, असं ह्यांचं ठरलं.

जुलैत अक्का विहिरीच्या पायरीवर घसरली. कमरेचं हाड. देवरीच्या आत, डांबर संपते त्याच्याही पुढं तिचं गाव. लग्न केलं नाही, जन्मभर शाळा शिकवली, आई गेल्यावर मले, धाकट्या बहिणीलेही, तिनंच वाढवलं. आता शेजारची सखू दोन वेळा भाकर देते, अंग पुसून देते. सखूले काय तिचं घर नाही का.

रेल्वेचं पाहिलं. आमगाव स्टेशनापर्यंत बैलाच्या खाचरातून, मग पुलाच्या पायऱ्या, मग डब्यातली गर्दी. ते हाड जागेवर राहील का? गाडीच पाहिजे.

२५ ऑगस्ट

हे रायपूरहून गार्ड घेऊन आले. नळीचा, चकाचक, आरशासारखा. नीलू म्हणे, "पापा, बढ़िया लग रहा है, लगवा लो." ह्यांनी अंगणात दोन विटांवर ठेवला आणि मध्ये पाय दिला. गार्ड वाकला. "हे लोखंड आहे का पापड?" म्हणे. उद्या परत करायले जाणार.

चितळ काय पाय देऊन उभं राहणार आहे का गाडीवर, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

२९ ऑगस्ट

धकातेभाऊजी आले. ह्यांचे भिलाईच्या पोलाद कारखान्यातले, एकाच शॉपमधले जुने दोस्त, भंडाऱ्याकडचे, चहा दोन कप लागतो. दोघं व्हरांड्यात फरशीवर खडूनं गार्ड काढत बसले. प्लांटमधली माणसं घरी आली तरी फरशीच लागते ह्यांले.

भाऊजींचं म्हणणं, खाली नुसता बंपर मजबूत करून फायदा नाही. हरणाचे पाय बंपरले लागतात आणि धड उडून काचेवर येते. म्हणून गार्ड छातीइतका उंच पाहिजे. उंच केला तर वजन वाढते. वजन वाढलं तर जाड लोखंडी चॅनेलचा पाहिजे, नळीचा टिकत नाही. चॅनेल लावला तर मागून आधार पाहिजे. असं करत करत फरशीवर रेल्वेचं इंजिन तयार झालं.

मी विचारलं, हे सगळं कधी होणार? भाऊजी म्हणे, "वहिनी, एकदाच करायचं पण आयुष्यभर टिकन असं करायचं." ह्यांनी मान हलवली. ज्या कामाले वेळ लागते ते काम ह्यांले आजकाल फार आवडून राहिलं.

फरशी पुसताना पाहिलं, भाऊजींच्या रेघा बारीक, ह्यांच्या बोटाएवढ्या जाड. पूर्वी पेन्सिलीनं किती नाजूक काढत होते. घर बांधायचा नकाशा काढला होता, तो मी अजून ठेवला आहे.

२ सप्टेंबर

संध्याकाळी अंगणात बादलीले ठेच लागली आणि सगळा राग माझ्यावर. बादली कावून इथं ठेवली. अहो, बादली सोळा वर्षांपासून तिथंच असते, नळ तिथं आहे. मग व्हरांड्यात शंभरचा बल्ब लावला. आता सगळ्या रिसाली कॉलनीचे किडे आमच्याच घरी जेवायले.

रात्री सुटणारी बी शिफ्टही सोडली म्हणे. साहेबांले सांगून जनरल करून घेतली. बरं आहे, घरी लवकर येतात. पण घरी येऊन काय, तर गार्ड.

६ सप्टेंबर

आज मी गुपचूप दुर्ग शहरात गेली, टॅक्सी स्टँडवर. एक सरदारजी भला माणूस होता. म्हणे, बहनजी, मागची सीट काढून गादी टाकतो, तुमच्या दीदीले फुलासारखं आणतो. मले तर तिथंच रडू येऊन राहिलं होतं.

घरी सांगितलं. ह्यांनी ताट सरकवलं. "दारात गाडी उभी असून तू टॅक्सीवाल्याच्या पाया पडतेस? लोकं काय म्हणतील, लांजेवार फोरमन मेला का?" मी म्हटलं, मग धकातेभाऊजींले चालवू द्या, त्यांले येते ना. तर म्हणे, माझ्या गाडीचं स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देत नाही.

म्हणजे स्वतः न्यायचं नाही, दुसऱ्याले नेऊ द्यायचं नाही, टॅक्सी करायची नाही. अक्का तिथं खाटेले बांधलेली आणि मी इथं ह्या क्वार्टरले. मधली गाडी तेवढी धुऊन पुसून लख्ख.

नीलू रात्री पोळ्या लाटताना हळूच म्हणे, "आई, पापा डर गए हैं. बस इतनी सी बात है." मलेही तेच वाटते. घाबरला तर घाबरला, त्यात काय पाप आहे? पण बोलावं तर.

११ सप्टेंबर

भाऊजींनी कबाड्याकडून चॅनेल मिळवला. कुम्हारीच्या वेल्डरकडं टाकला आहे. ह्यांनी तीनदा माप बदललं. चौथ्यांदा बदलायले निघाले तेव्हा मी अक्काचं कार्ड समोर धरलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाचा. "चष्मा नाई," म्हणे. चष्मा डोळ्यांवर होता. वर सरकवून बाहेर निघून गेले.

खोटंही नीट बोलता येत नाही ह्या माणसाले.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. सगळ्या भिलाईतल्या गाड्या, सायकली, लेथ, हातोडे आज नवरदेव. आमच्या दारात सकाळीच टेम्पो आला. गार्ड उतरवायले चार माणसं लागली. काळा रंग, मधोमध पिवळी पट्टी, भाऊजींनी स्वतः मारलेली. बसवला, बोल्ट आवळले. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू. पेढे वाटले. शेजारची मंडळी येऊन गार्डले हात लावून पाहून गेली. जो तो म्हणे, वाह, आता हाथी भी आ जाए.

ह्या गावात हलकी वस्तू कोणाले बनवताच येत नाही. नीलूच्या बाहुलीचा पलंग केला होता ह्यांनी, तो तीन वर्षं जागचा हलला नाही.

हार घातलेल्या गाडीकडं मी दुरून पाहिलं तर वाटलं, नाक जरा खाली आलं आहे. बोलली नाही. शुभ दिवस.

उद्या संध्याकाळी कुम्हारीपर्यंत चक्कर, वेल्डरले दाखवून आणायचं. आणि पुढच्या रविवारी अक्का. मी तिच्यासाठी समोरच्या खोलीत खाट सरकवून ठेवली, खिडकीजवळ.

१८ सप्टेंबर

रात्रीचे बारा वाजून गेले. तरी लिहितेच.

जाताना सगळं बरं. स्टिअरिंग जड झालं, वळताना ह्यांच्या मानेची शीर दिसत होती, पण उजेड होता. कुम्हारीत वेल्डरनं चहा पाजला, गप्पा झाल्या, निघायले उशीर. मी मागे, भाऊजी पुढं ह्यांच्या शेजारी. अंधारून आलं तसे ह्यांनी लाइट लावले.

गार्डच्या वजनानं गाडीचं तोंड इतकं दबलं होतं की उजेड समोर जाईचना. चाकाच्या पुढचं हातभर डांबर तेवढं पिवळं, बाकी सगळा काळोख. मागच्या सीटवरूनही मले दिसून राहिलं होतं की काहीच दिसून नाही राहिलं. भाऊजी म्हणे, "साहेब, लाइट तर जमिनीत घुसले. हळू घ्या."

हे म्हणे, "ठीक तर आहे. रोजच्यासारखंच दिसते."

आणि गाडी त्याच वेगानं चालली. भाऊजींनी पुन्हा म्हटलं. हे चिडले, "दिसते म्हटलं ना." तेवढ्यात समोर बैलगाडी, मागे कंदील नाही, धानाचं वाळलं तणस भरलेलं. मी किंचाळली. भाऊजींनी स्टिअरिंग ओढलं. गार्डचा कोपरा तणसाले घासून गेला, बस. गाडीवान काय काय बोलला ते बरोबरच होतं.

पुढं भाऊजींनी चालवली, अगदी पायी चालल्यासारखी. सगळा रस्ता माझीच चूक, माझीच चूक करत होते, वजनाचा हिशेब केला नाही म्हणून. हे खिडकीबाहेर पाहत बसले.

पुढच्या रविवारचं राहिलं.

२० सप्टेंबर

भाऊजी रोज येतात. चॅनेल कापून हलका करू, मागच्या डिक्कीत वाळूची पोती टाकून तोल साधू, लाइटच वर उचलून बसवू. त्यांचा चेहरा इतका उतरला आहे की मलेच त्यांची समजूत काढावी लागते.

पण माझ्या मनात एकच वाक्य फिरून राहिलं. रोजच्यासारखंच दिसते.

काळोख होता समोर. मले दिसला, भाऊजींले दिसला. ह्यांले तो रोजच्यासारखा वाटला?

२३ सप्टेंबर

आज केलं. करू का नको, दोन दिवस चाललं होतं.

व्हरांड्यातला बल्ब काढून ठेवला. दिवेलागणीले ह्यांची यायची वेळ झाली तशी मी दाराजवळच्या वेताच्या मोढ्यावर जाऊन बसली, पांढरं पातळ नेसून. पूर्ण अंधार नव्हता. समोरच्या क्वार्टरमधला पारिजात मले फांदी फांदी दिसत होता.

हे आले. स्कूटर लावली. फाटक चाचपडून उघडलं. भिंतीले हात लावत लावत आले आणि माझ्या गुडघ्याले पँट घासली जाईल इतक्या जवळून आत गेले. मले पाहिलं नाही. आतून हाक मारली, "सुमन, लाइट गेले का?"

मी म्हटलं, "मी इथं आहे. बाहेरच होती."

आतला दिवा लागला. मग म्हणे, "माहीत होतं."

मी तिथंच बसून राहिली. भीती वाटते म्हणून माणूस गाडी नेत नाही असं मी तीन महिने धरून चालली होती, आणि मनातल्या मनात किती नावं ठेवली. त्या चितळाले हा माणूस भ्याला नव्हता. ते चितळ ह्यांले दिसलंच नव्हतं.

२४ सप्टेंबर

नीलू कॉलेजले गेल्यावर मी सरळ विचारलं. आधी रागावले. मग मोरीवर जाऊन तोंड धुतलं, परत आले, आणि बोलले. लग्नाले बावीस वर्षं झाली, इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन वर्षांपासून आहे. संध्याकाळ झाली की संपलं. दिवसाही बाजूचं कमी होत चाललं, समोर पाहिलं तर समोरचं तेवढं दिसते, कडेचं कोणी पुसून टाकल्यासारखं. चितळ कडेनं आलं. "मले धडक ऐकू आली, सुमन. मग दिसलं." "बाजारात धकाते शेजारून जातो आणि मी बोलत नाही, तो समजते मी मोठा साहेब झालो."

"म्हणून गार्ड पाहिजे होता?"

"ज्याले दिसते त्याले कायले पाहिजे गार्ड? मले पाहिजे."

डॉक्टर? दाखवलं नाही. जानेवारीत प्लांटचं मेडिकल आहे. डोळ्यांत नापास केलं तर रोलिंग मिलवरून काढतील, कुठं तरी कोपऱ्यात टेबलावर बसवतील. "माह्या शिटीवर क्रेन हलते तिथं. रिटायर व्हायले दोन वर्षं राहिली. फोरमन म्हणून आलो, फोरमन म्हणून जाऊ दे."

मी म्हटलं, आणि क्रेन कोणाच्या अंगावर गेली तर? म्हणे, मिलमध्ये भर दुपारसारखा उजेड असते, समोरचं मले दिसते. मी म्हटलं, आणि कडेचं?

उठून गेले.

१ ऑक्टोबर

आता भोंगा झाला की हातातलं काम टाकून मी दारात येते. हे पायरी उतरले की मी फाटकापर्यंत पाहते, फाटकापासून रस्त्यापर्यंत पाहते. शिफ्ट सुटेपर्यंत भात शिजला का करपला कळत नाही.

भाऊजींले सांगू म्हटलं, तर ह्यांचं एकच: नाही. "धकाते सोन्यासारखा माणूस, पण त्याच्या पोटात पाणी ठरत नाही. संध्याकाळपर्यंत पूर्ण शॉपले माहीत होईन." नीलूलेही नाही. शपथ घातली, तिची.

आधी हे एकटे त्यात अडकले होते. आता मीही अडकली, आणि हसून चहा द्यायचा ह्यांच्या दोस्ताले, जो रोज येऊन गार्डचं वजन कमी करायच्या नवीन युक्त्या सांगतो. राग येते. कोणावर काढू तेच कळत नाही. ह्यांच्याकडं पाहिलं की राग, आणि हे ताटातली वाटी चाचपतात ते पाहिलं की डोळ्यांत पाणी.

९ ऑक्टोबर

अक्का. "धान पिकून राहिलं. दिवाळीनंतर कापणी लागली की सखू दिवसभर वावरात जाईन. मी तिले सांगितलं, उशाशी पाणी आणि मुरमुरे ठेवत जा, मी मजेत राहीन. मांजर आहे सोबतीले. गार्डचं काय झालं? का सिंहगडाचा दरवाजा करून राहिले जवाईबापू?"

दिवसभर एकटी, आडवी. तहान लागली तर हात पुरेल, पण बाकीचं?

कार्ड ह्यांले वाचून दाखवलं, सगळं, सिंहगडासकट. ह्यांले हसू आलं आणि मग तोंड फिरवलं. म्हणे, "दिवसा मले दिसते. पहाटे निघून उजेडात परत यायचं. तू शेजारी बस. कडेचं तू सांग."

१५ ऑक्टोबर

गार्ड काढला. मीच भाऊजींले म्हटलं, काढून टाका, लाइट महत्त्वाचे. त्यांच्या मनाले फार लागलं. बोल्ट सोडताना म्हणे, "आयुष्यभर टिकन असा केला होता वहिनी." मी म्हटलं, टिकेल ना भाऊजी, वाया नाही जाणार. मागच्या बारीत, भाजीच्या वाफ्याजवळ, भिंतीले टेकवून उभा केला. सेमीच्या शेंगांचा वेल जमिनीवर लोळून राहिला होता, तो त्याच्यावर चढवून दिला.

जुना बंपर परत बसला. वर कुठं कुठं अजून तो जूनचा पोचा आहे. ह्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला.

१८ नोव्हेंबर

उद्या. दिवाळी झाली, पाहुणे गेले, ह्यांले सुट्टी मिळाली. मागच्या सीटवर फळी, फळीवर गादी, गादीवर माझी दुलई. नीलूले सांगितलं, खोलीत धूप टाकून ठेव, गरम पाणी तयार ठेव. ती म्हणे, "आई, तू कितनी खुश है." मी म्हटलं, हो ना. आणि आतून घाबरून मरून राहिली.

ही वही पिशवीत टाकते.

१९ नोव्हेंबर, चिचोला

ढाब्यावर. अक्का खाटेवर, मी तिच्या पायाशी. शेवटी असंच झालं.

सकाळी उजाडता निघालो. मी सगळा रस्ता बोलत होती, डावीकडून सायकल, उजवीकडून बाई, डावीकडं बकऱ्या. हे एका शब्दानं चिडले नाहीत. अक्काच्या दारात पोचलो तेव्हा ती खाटेवरून ओरडली, "कोण आलं, चितळ का?" वाळून काडी झाली. तोंड तेवढं तसंच आहे. सखू रडली. मांजराले सखूच्या हवाली केलं.

येताना बाघनदीच्या नाक्यावर ट्रकच ट्रक. बसलो उन्हात. लाइन सरकेना. हे सारखे सूर्याकडं पाहत होते, मी ह्यांच्याकडं. सुटलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पुढं जंगल. मी बोलत राहिली, डावीकडं काही नाही, उजवीकडं काही नाही. अक्काले काय माहीत, तिले मजा वाटली. मागून म्हणे, "डावं सुमन पाहते, उजवंही सुमनच पाहते, वरचं आभाळ मी पाहते. जवाईबापू, तुमी काय पाहता?"

ह्यांनी गाडी हळू केली, अजून हळू. ती जागा आली होती, जूनची. मले ओळखू आली, ह्यांले आली का नाही माहीत नाही. चिचोल्याचा पहिला ढाबा दिसताच गाडी बाजूले घेतली, चावी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले.

"अक्का," म्हणे, "मले आता दिसत नाई."

एवढंच. दोन महिने मले बोलू दिलं नाही आणि अक्कासमोर असं सरळ बोलून टाकलं. माझ्या छातीवरचं काही उतरलं असं म्हणू का? उतरलं थोडं.

अक्कानं हात लांबवून ह्यांच्या सीटची पाठ धरली.  मग म्हणे, "मागच्या बाकावरच्या पोराले फळा दिसत नसला तर मी त्याले पुढं बसवत होती. लाज वाटते म्हणून तेच पोट्टे दिसत नाई ते सांगत नव्हते. मग नापास होत." आणि लगेच, "साहेबाले सांगतलं?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. अक्काले ती हललेली मान दिसली असेल का, पडल्या पडल्या. मीच सांगितलं, जानेवारीत मेडिकल आहे.

ढाबेवाल्यानं खाट दिली, वर ताडपत्री. हे गाडीतच झोपतो म्हणाले. धकातेभाऊजींले उद्या फोन करून बोलवू का, असं मी विचारलं. "सकाळी पाहू," म्हणे. 

२० नोव्हेंबर, चिचोला, सकाळ

थंडी. अक्काले चहा पाजला. कंबर दुखते म्हणे, पण जेवण सखूपेक्षा बरं होतं.

ढाब्याच्या मागं धानाचं कापलेलं वावर, त्याच्या पलीकडं जंगल. तिथं कडेले चितळं चरून राहिली होती. हे दात घासत उभे होते. मी काही बोलली नाही. त्यांनीच विचारलं, "काही आहे का तिकडं?"

मी म्हटलं, "तुमी सांगा."

कितीतरी वेळ पाहिलं. मान इकडं वळवली, तिकडं वळवली, आधी असं करत नव्हते.

"तीन."

"सात आहेत," मी म्हटलं. आता खोटं बोलायचं नाही, असं कालच ठरवलं.

"सात," ते म्हणाले. तोंड धुतलं. ढाबेवाल्याच्या पोरांनी अक्काले उचलून मागच्या सीटवर ठेवलं, ह्यांनी तिची उशी नीट केली, तिच्या पायावर दुलई ओढली. मग गाडीत येऊन बसले. मी शेजारी.

भाऊजींले बोलवायचं तर ढाबेवाल्याकडं फोन आहे. समोर रस्ता उजळला आहे, धुकं विरून राहिलं. हे लिहून राहिली तोवर चावी त्यांच्या हातातच आहे. अजून फिरवली नाही, आणि फोन कर म्हणून माझ्या हातातही दिली नाही.